नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय : काय मिळाले, काय गेले? (अनुभव धागा)

निशिगंधा

मागच्या आठवड्यात मिरजेहून पुण्याला येताना गाडी किर्लोस्करवाडी स्थानकावर थांबली आणि वडिलांची फार आठवण झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ते आम्हां भावंडांना नेहमी सांगत. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेत शिकवत असताना हक्काची बढती डावलली गेली म्हणून लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला तयार होत नव्हते. शेवटी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा राहिला. नांगर विकले जात नव्हते तो काळ वडील एका वाक्यात संपवत. त्यांनी स्वतः भोसरीत लेथ टाकून वर्कशॉप चालवले आणि आमच्या घरातला तसाच काळ आईने निभावला, त्याबद्दल मात्र कोणी गोष्ट सांगितली नाही.

आता धाकटा भाऊ चांगली नोकरी सोडून संगणकावर चालणारे सीएनसी मशीन घेण्याच्या विचारात आहे. घरात एकीकडे कौतुक आहे आणि दुसरीकडे धास्ती. ज्यांनी स्वतः हा मार्ग धरला, किंवा तो धरणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, त्यांनी आपले अनुभव मोकळेपणाने लिहावेत अशी विनंती आहे.

तासकाम

मी जॉबवर्कच, म्हणजे इतरांच्या ऑर्डरप्रमाणे मशीनवर काम करून देण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. काम मिळवणे अवघड आहे हे सगळेच सांगतात, पण झालेल्या कामाचे पैसे हातात येणे त्याहून अवघड आहे, हे नोकरीतून येणाऱ्या माणसाला आधी कोणी सांगत नाही. मी बिल फाडले की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, मग ग्राहकाने मला पैसे दिलेले असोत वा नसोत. कामगारांचा पगार, वीजबिल, टूलिंगचा खर्च आणि बँकेचा हप्ताही माझे येणे वसूल होण्याची वाट पाहत नाहीत. ताळेबंदात नफा दिसत असताना खात्यात पगारापुरतीही रक्कम नाही, अशी वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. परंतु ज्या ग्राहकाकडून माझे निम्म्याहून अधिक काम येते, त्याच्याविरुद्ध या कायद्याखालच्या परिषदेकडे तक्रार केली तर पुढची ऑर्डर येईल का, हा विचार दर वेळी हात धरून ठेवतो. म्हणून भावाला माझे पहिले सांगणे हेच राहील की एकाच मोठ्या ग्राहकाच्या भरवशावर मशीन घेऊ नये, तो ग्राहक कितीही नावाजलेला असला तरी.

ओसरी

निशिगंधाताई, तुमच्या आईबद्दलचे वाक्य वाचून थांबले. माझ्या यजमानांनी व्यवसाय सुरू केला तेव्हा घर माझ्या पगारावर चालले. त्यामुळे 'त्यांनी धोका पत्करला' असे लोक म्हणतात तेव्हा मला ते अपुरे वाटते, कारण बँकेत सहकर्जदार म्हणून माझी सही होती आणि तारण राहते घर होते. मला या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. ते आज ज्या उत्साहाने सकाळी बाहेर पडतात, तो नोकरीच्या काळात मी कधी पाहिला नव्हता, आणि मुलांनीही तो पाहिला आहे. तरीही वहिनी असतील तर त्यांच्याशी आकडे मांडून बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अर्धविराम

ओसरी, घर तारण ठेवण्याआधी बँकेत सीजीटीएमएसई (सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा न्यास) हमीबद्दल आवर्जून विचारायला हवे. पात्र कर्जाला त्या योजनेतून हमी मिळते आणि स्वतंत्र तारण द्यावे लागत नाही. हमीचे शुल्क असते, आणि शाखा अधिकारी बहुधा स्वतःहून हा विषय काढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पिंपळपार

मी मशीनच्या जगातली नाही, घरून फराळ आणि भाजण्या पुरवते. सुरुवातीला चकलीच्या भाजणीचा भाव काढताना मी धान्य, गॅस, दळण आणि पाकिटे एवढेच धरत असे. हिशेब पाहणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, 'मावशी, यात तुझी मजुरी कुठे आहे?' ती धरल्यावर भाव वाढला आणि काही गिऱ्हाइके गेली, परंतु जी राहिली त्यांच्यावर व्यवसाय उभा आहे. व्यवसायाचा फायदा मोजताना आपण नोकरीत जो पगार घेतला असता तो आधी वजा करावा. उरते तोच खरा नफा, आणि पहिली काही वर्षे तो उणे असू शकतो.

काठावरचा

ताई, थोडे विषयांतर होईल, पण भाजणी भाजायला तुम्ही बाई ठेवली आहे की सगळे स्वतः करता? माझी बहीण सध्या याच प्रश्नावर अडली आहे.

पिंपळपार

दिवाळीच्या आधी दोघी येतात, एरवी मी एकटीच. भाजणे मात्र मी कोणाच्या हाती देत नाही, आणि त्यामुळेच व्यवसाय एका मर्यादेपुढे वाढत नाही. ही मर्यादा मी विचारपूर्वक स्वीकारली आहे. बहिणीने स्वतःला काय हवे ते आधी ठरवावे, म्हणजे माणूस ठेवायचा की नाही याचे उत्तर सोपे होईल.

उत्तरायण

माझा छपाईचा व्यवसाय २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला आणि मी पुन्हा नोकरीत आलो. परतल्यावर भविष्य निर्वाह निधीत कंपनीचा १२ टक्के हिस्सा जमा होऊ लागला, कुटुंबाला सामूहिक आरोग्य विमा मिळाला, आणि या गोष्टींची किंमत मला खऱ्या अर्थाने समजली. व्यवसायात असताना आईचे ऑपरेशन व्यवसायाच्याच पैशांतून करावे लागले होते. तेव्हा कागदाच्या व्यापाऱ्याचे देणे थांबले आणि पतही थांबली. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी, तब्येत ठणठणीत असताना, कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा घ्यावा, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. एवढे होऊनही त्या वर्षांनी मला भाव कसा काढावा आणि नकार कसा पचवावा हे शिकवले, आणि त्यासाठी मी त्या व्यवसायाचा कायम ऋणी आहे.

तासकाम

उत्तरायण, वाचून वाईट वाटले. आपल्या अडचणीचा भार शेवटी कोणावर पडतो हे तुम्ही नेमके लिहिले आहे. माझ्याकडे मोजके कामगार आहेत. बोनसचा कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, तरी दिवाळीला बोनस दिला नाही असे मी कधी होऊ दिलेले नाही. त्यातल्या एकाची मुलगी यंदा डिप्लोमाला गेली. हा आनंद नोकरीत मला मिळाला नसता, आणि त्यांचा पगार अडेल की काय या काळजीने उडणारी झोपही तिथे गेली नसती.

निशिगंधा

सर्वांची मनापासून आभारी आहे. भावाला हा धागा वाचायला दिला. त्याला सध्याच्या कंपनीच्याच एका पुरवठादाराकडून कामाचे आश्वासन आहे, पण ते तोंडी आहे. तासकाम, ते कागदावर कसे आणावे?

तासकाम

प्रथम उद्यम नोंदणी (एमएसएमईसाठीची सरकारी नोंदणी) करून घ्यावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. खरेदी आदेशात देयकाची मुदत लिहून घ्यावी. लेखी करार नसेल तर कायद्याने ती १५ दिवसांचीच धरली जाते, आणि करारातही ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत चालत नाही. माल पोहोचल्यावर चलनावर तारखेसह सही घेणे विसरू नये, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. आणि तो पुरवठादार या अटी लिहून द्यायला तयार नसेल, तर मशीनचे बुकिंग करण्याआधी भावाने दुसरा ग्राहक शोधावा.