हृदयविकाराच्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचे आणि हृदयाचे कितपत कळते?

गोदाकाठ (परभणी जिल्हा):

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि छत्रपती संभाजीनगरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, बिडी सुटली आहे, सकाळी शेतापर्यंत पायी जाऊन येतात. तब्येत विचारली की "बरं हाय, काई तरास नाई" एवढे उत्तर मिळते आणि त्यासोबत एक हसू येते. त्या हसण्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

परवा चुलत्यांनी ओसरीत बसून धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) जुन्या वादाचा विषय काढला. अण्णा "चालू द्या, मला काय त्याचं" असे म्हणून हसले खरे. पण त्याच वेळी त्यांच्या भुवया खाली ओढल्या गेल्या, ओठ घट्ट मिटले आणि कानाखाली जबड्याचा स्नायू हलताना मला स्पष्ट दिसला. एरवी मात्र त्यांचा चेहरा दिवसभर कोरा असतो. नातवंडे अंगावर खेळली तरी तो पूर्वीसारखा खुलत नाही.

हृदयरुग्णांच्या चेहऱ्यावरील भावांचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे, असे वाचनात आले होते. त्यात तथ्य आहे का? आणि त्यांच्या नकळत मोबाईलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवले, तर उपयोग होईल का?

शरीरक्रिया (लातूर):

असा अभ्यास झालेला आहे आणि तुम्ही ओसरीत जे टिपले, त्याच्याशी तो थेट जुळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 साली चेहऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची एक पद्धत तयार केली. भुवई खाली येणे, पापणी ताणली जाणे, ओठ आवळले जाणे अशा प्रत्येक हालचालीला तिच्यात स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. हीच पद्धत वापरून एरिका रोझेनबर्ग, एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली एक संशोधन प्रसिद्ध केले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 115 पुरुषांची मुलाखत घेताना त्यांच्या चेहऱ्यांचे चित्रीकरण करण्यात आले आणि त्याच वेळी हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता मोजण्यात आली. ज्यांच्या हृदयाला मुलाखतीदरम्यान रक्तपुरवठा कमी पडला, त्यांच्या चेहऱ्यावर रागाचे भाव इतरांपेक्षा अधिक वेळा उमटले होते. त्याचबरोबर आनंदाशिवायचे हसूही त्यांच्यात अधिक आढळले, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आनंदाशिवायचे हसू ओळखण्याची खूण फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 सालीच सांगून ठेवली आहे. मनापासून आलेल्या हसण्यात ओठांचे कोपरे वर जातातच, शिवाय डोळ्याभोवतीचा स्नायू आवळला जाऊन गाल वर सरकतात आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. समोरच्याला बरे वाटावे म्हणून आणलेले हसू बहुधा ओठांपाशीच थांबते.

राग आला की अॅड्रेनालिनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक प्राणवायू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी आजारी रक्तवाहिनी रुंदावण्याऐवजी आकसू शकते. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. मानसिक ताणामुळे होणाऱ्या या प्रकारात पुष्कळदा छातीत दुखतही नाही. त्यामुळे "काई तरास नाई" हे उत्तर रुग्णाच्या दृष्टीने खरेच असू शकते.

मात्र हा अभ्यास केवळ पुरुषांचा होता आणि तो गटागटांतील फरक सांगतो. एका माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्या हृदयाला या क्षणी रक्त कमी पडत आहे, असे कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी ईसीजी, इको आणि ताण-चाचणीच लागते.

पांढरा पदर (अंबाजोगाई):

मी हृदयरुग्णांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करते. वरील माहितीत कामातील अनुभवाची थोडी भर घालते.

आपल्या भागात रुग्णाच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे खाटेजवळ कोण उभे आहे यावर फार अवलंबून असते. बीडकडच्या एक मावशी दाखल होत्या. जावई उशाशी असेपर्यंत पदर नीट करत त्या हसून "आता लई बरं वाटतंय" असे सांगत राहिल्या. जावई औषधे आणायला खाली गेल्याबरोबर त्यांनी माझा हात धरून छातीवर ठेवला आणि पहाटेपासून दगड ठेवल्यासारखे जड वाटत असल्याचे सांगितले. ईसीजी काढला, तर त्यात बदल झालेला होता. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये झटक्याची लक्षणे अनेकदा ठळक नसतात; धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, विलक्षण थकवा एवढेच असते. म्हणून रुग्णाला एकटे गाठून विचारावे, आणि "बरं आहे ना?" असे न विचारता "छातीत काय होतंय, कधीपासून?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते.

कोऱ्या चेहऱ्याविषयीही सांगायला हवे. झटक्यानंतर पुष्कळ रुग्णांना नैराश्य येते आणि घरचे लोक त्याला अशक्तपणा समजतात. कॅनडातील माँट्रियल येथे 222 रुग्णांवर झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटक्यानंतर नैराश्य असलेल्या रुग्णांमध्ये पुढील सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले होते. नातवंडांमध्येही मन न रमणे मला ओसरीतील रागाइतकेच गंभीर वाटते.

मोसंबीवाला (जालना):

माझे बायपास झालेले आहे, त्यामुळे रुग्णाच्या बाजूने लिहितो. अण्णांच्या नकळत चित्रीकरण कृपया करू नका. शस्त्रक्रियेनंतर घरातील प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे पाहत असे. मी जिना चढलो तरी, जेवताना थांबलो तरी. त्यांच्या काळजीविषयी मला आदर आहे, परंतु त्या नजरांमुळे मी चेहरा आवरायला शिकलो. जरा कपाळाला आठी पडली की सर्वांची धावपळ होई, म्हणून मी हसत असे. आत राग नव्हता, भीती होती: रात्री झोपलो तर सकाळी उठेन का, कापसाचे पैसे आले नाहीत तर औषधांचे काय होईल. पडद्याआडून पाहण्यापेक्षा धुऱ्याचा प्रश्न त्यांच्या डोक्यावरून उतरवा. मोजणीचा अर्ज तुम्ही करा, चुलत्यांशी तुम्ही बोला आणि झालेले अण्णांना शांतपणे सांगा. माझ्या मुलाने बँकेचे व्यवहार स्वतःकडे घेतले, त्यानंतर मला झोप लागू लागली.

गोदाकाठ:

आपणा सर्वांचा आभारी आहे. चित्रीकरणाचा विचार सोडून देतो आणि मोजणीचे काम मी हाती घेतो. अजून एक शंका आहे: त्यांना नाडी कमी ठेवणारी गोळी चालू आहे. चेहरा कोरा होण्याचे कारण ती असू शकते का?

शरीरक्रिया (लातूर):

त्या गटातील गोळ्यांनी काही जणांना थकवा येतो आणि थकलेला माणूस निर्विकार दिसू शकतो. परंतु गोळी स्वतःहून बंद करू नका. ती एकाएकी थांबवल्यास छातीतील दुखणे उसळू शकते आणि झटक्याचा धोका वाढतो. कोऱ्या चेहऱ्यामागे थायरॉइडची कमतरता किंवा पार्किन्सनची सुरुवातही असू शकते, म्हणून पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे निरीक्षण आवर्जून सांगा आणि नैराश्याची प्रश्नावली भरून घेण्याची विनंती करा. ती नऊ प्रश्नांची असते आणि काही मिनिटांत होते. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा शासकीय क्रमांक आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

वाद पेटलाच, तर त्यानंतरच्या दोन तासांत त्यांच्याजवळ कोणी तरी असू द्या. अमेरिकेत 1,600 हून अधिक रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या 1995 सालच्या अभ्यासात तीव्र संतापानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीपेक्षा दुपटीहून थोडा अधिक आढळला होता. चेहरा अचानक फिका पडून घामाने डबडबला, हाताची मूठ छातीवर गेली किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले, तर भावनांचा विचार करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा आणि जवळचे, पण हृदयविकारावर उपचार होत असलेले रुग्णालय गाठा. तुमच्या गावाहून असे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री तेथे डॉक्टर असतात का, हे आजच विचारून ठेवा.