आधी चिऱ्याला श्वास घेऊ द्या

जुनं कौलारू घर आणि स्मार्ट यंत्रणा म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही, फक्त क्रम चुकता कामा नये: आधी भिंती नि वासे, मग यंत्रणा.

आमचं फोंड्याकडचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, मधे राजांगण, त्यात तुळस. कंत्राटदाराचं ऐकून चुन्याचा गिलावा खरवडला आणि सिमेंट मारलं. दुसऱ्याच पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फोड! नखानं टोकरलं की पांढरी खारट भुकटी बोटावर. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटनं कोंडली गेली. परत चुना करायला दुप्पट पैसे गेले, ते सोडा.

सोलरवाल्याला मंगळुरी कौलांना भोकं पाडू देऊ नका. कौल सरकवून हुक खालच्या वाशाला बसवतात आणि कौल परत जागेवर. दक्षिणेकडचा उतार उत्तम. पण त्याआधी वासे सुताराकडून ठोकून बघा, वाळवी लागलेल्या वाशावर पॅनेल म्हणजे आफतच.

सेन्सरपैकी खरा उपयोगी एकच निघाला, टाकीतल्या पाण्याच्या पातळीचा. विहिरीवरचा पंप आपोआप बंद होतो, त्यामुळे बाबांचं ‘मोटर बंद केलीस का रे?’ थांबलं. बोलून लागणारे दिवे आईला अजून पटलेले नाहीत. जुलैत वीज नि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा साधी बटणं काढू नका. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन काढायलाच निघाला होता.