मदत हवी आहे: स्काऊट शिबिरासाठी तंबू आणि एक सोबती

नमस्कार मंडळी. आमच्या स्काऊट पथकात 24 मुलं, आठ-आठचे तीन संघ. डिसेंबरात राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला दोन रात्रींचं शिबिर ठरलंय. काल माळ्यावरून कॅनव्हासचे तंबू काढले, तर घडीघडीत बुरशी, आणि एकाची शिवण नुसत्या बोटानं उसवली. ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतले तर चालतील का, की डोम तंबू भाड्यानेच आणू? पाऊस नसेल, पण पहाटेचं दव कापड चिंब करतं. पुण्यातलं भाड्याचं खात्रीचं दुकान सुचवा.

दुसरं, स्काऊटमास्तर मी एकटाच. रात्री मुलांसोबत आणखी एक जबाबदार मोठं माणूस हवंच. पालकांना तुम्ही कसं तयार करता? संघनायक आठवीतले आहेत, रोज शाळा सुटल्यावर गाठींचा सराव करतात. त्यांचं शिबिर हुकायला नको.