अपिलातील स्थगितीसाठी तारण ठरवताना ऋणकोची ऐपत कशी तपासून घ्यावी?

सूतव्यापारी, इचलकरंजी:
सुताच्या थकीत रकमेसाठी आमच्या बाजूने व्याजासह 38 लाख रुपयांचा हुकूमनामा (न्यायालयाचा रक्कम देण्याचा निवाडा) झाला आहे. प्रतिवादीने, म्हणजे ऋणकोने (पैसे देणे असलेल्याने), अपील करून दरखास्तीला (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कारवाईला) स्थगिती मागितली आहे. रोख रक्कम भरण्याची ऐपत नाही असे तो सांगतो आणि त्याऐवजी शेतजमिनीच्या आधारे काढलेला तहसीलदारांचा ऐपत दाखला देऊ करतो. त्याच्या आर्थिक स्थितीची शहानिशा आम्हाला कशी मागता येईल, आणि असा दाखला पुरेसा मानावा का?

दिवाणी वकील, कोल्हापूर:
केवळ अपील दाखल झाल्याने दरखास्त थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 प्रमाणे स्थगिती न मिळाल्यास मोठे नुकसान होईल हे अर्जदाराने दाखवावे लागते, अर्ज विनाविलंब करावा लागतो आणि तारण द्यावे लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात तर नियम 1(3) अन्वये वादग्रस्त रक्कम भरणे किंवा तिच्याइतके तारण देणे अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक प्रकरणांत यातून सवलत देण्यास वाव ठेवला आहे; परंतु सवलत मागणाऱ्याने आपली अडचण कागदपत्रांनिशी शपथेवर मांडावी, असा आग्रह आपण लेखी म्हणण्यातच धरावा. शिवाय हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवस न भरलेली राहिली असेल, तर आदेश 21, नियम 41 खाली दरखास्त न्यायालयाकडे ऋणकोच्या मालमत्तेचे शपथपत्र मागता येते, आणि ते न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते.

दाखल्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: तो विशिष्ट तारखेची ऐपत सांगतो, त्याने जमीन तारण म्हणून बांधली जात नाही. सातबाऱ्यावरील इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी) आहे का, आणि ऋणकोचा हिस्सा सामाईक आहे का, हे पाहिल्याशिवाय दाखल्यावरील आकड्याला अर्थ नाही.

सनदी लेखापाल, सांगली:
मी ताळेबंदातील निव्वळ मत्तेवर (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेवर) थांबणार नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन पुस्तकात जुन्याच किमतीला दिसते, तर वसूल न होणारी येणी पूर्ण किमतीने दिसत राहतात. मागील तीन वर्षांची आयकर व जीएसटी विवरणपत्रे आणि विशेषतः दावा दाखल झाल्यानंतरचे बँक खातेउतारे मागावेत, कारण नातेवाइकांना दिलेली ‘कर्जे’, भागीदारांची वाढलेली उचल आणि भावंडांच्या नावे गेलेली मालमत्ता तेथेच सापडते. मात्र मालमत्ता असूनही हातात रोकड नसणे हे खोटेच असते असे नाही. बँक हमीसाठीसुद्धा बँक रोख मार्जिन (हमीच्या रकमेचा काही हिस्सा आधी रोखीने) मागते, आणि सगळे खेळते भांडवल न्यायालयात अडकून ऋणकोचे माग बंद पडले तर आपली वसुलीही बुडते.

ह्यूस्टनहून एक वाचक:
टेक्सासमध्ये हा प्रश्न नियमानेच सोडवला आहे. पैशाच्या निवाड्यासाठी तारणाची रक्कम ऋणकोच्या निव्वळ मत्तेच्या निम्म्याहून किंवा अडीच कोटी डॉलरहून अधिक असू शकत नाही. ऋणकोने मत्ता व देण्यांचे शपथपत्र दिले की धनकोला त्याला आव्हान देता येते, आणि सुनावणीत मत्ता सिद्ध करण्याचा भार ऋणकोवरच राहतो. भारतात अशी मर्यादा नसली, तरी भार कोणावर असावा याबाबतचा हा विचार मला योग्य वाटतो.

दिवाणी वकील, कोल्हापूर:
भाराबाबत मी सहमत आहे. निम्म्याच्या मर्यादेबाबत नाही, कारण येथे अपील वर्षानुवर्षे चालते आणि व्याज वाढत राहते. ऋणकोची अडचण खरी आढळली, तर काही रक्कम रोख आणि उर्वरित रकमेसाठी बोजारहित जमिनीवर नोंदणीकृत तारण, अशी मागणी करावी. स्थगितीच्या आदेशातच जमीन विकण्यास वा गहाण ठेवण्यास मनाई घालून घ्यावी आणि तो आदेश तलाठ्याकडे लगेच द्यावा.