एमसीपी३२०८ : ॲनालॉग-डिजिटल ग्राउंड वेगळे केले तरी वायफाय लागलं की रीडिंग उडतंय

सोल्डर_सांगली
नमस्कार मंडळी, बेदाण्याच्या शेडसाठी स्वतःचा बोर्ड बनवलाय, दोन लेयरचा. ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) आहे, एसपीआयवर (चिपांमधली सिरीयल डेटा लाइन) एमसीपी३२०८, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा १२ बिटचा एडीसी, आणि त्याला तापमान मोजणारे सहा १०के (१० किलोओहम) थर्मिस्टर, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला १०के रेझिस्टर लावून डिव्हायडर केलाय. एडीसीला ३.३ व्होल्टचा वेगळा एलडीओ (व्होल्टेज रेग्युलेटर) दिलाय, व्हीरेफ (एडीसी ज्याच्याशी तुलना करतो ते व्होल्टेज) आणि थर्मिस्टरसुद्धा त्याच ३.३ वर. ग्राउंड दोन केलेत, ॲनालॉग वेगळा डिजिटल वेगळा, आणि डीसी जॅकपाशी फेराइट बीडने (हाय फ्रीक्वेन्सीचा नॉइज अडवणारा पार्ट) जोडलेत, बऱ्याच ठिकाणी असंच करा म्हणून वाचलं होतं. वायफाय बंद असताना रीडिंग दोन-तीन काउंट (एडीसीची सगळ्यात लहान पायरी) हलतं, ते चालतं मला, पण डेटा पाठवायला लागला की सगळे चॅनल एकदम २५-३० काउंट वर उडतात, म्हणजे तापमान अर्धा-पाऊण डिग्री इकडेतिकडे. एलडीओ बदलला, कपॅसिटर वाढवले, काडीचा फरक नाही. माल शेडवर यायच्या आत बोर्ड बसवायचाय, कुणीतरी बघा प्लीज.

तांब्याची_पट्टी
सगळे एकदम उडतायत ना, मग थर्मिस्टरवर संशय नको, सगळ्यांना कॉमन काय आहे ते शोधा. थर्मिस्टरच्या वायरी ज्यात लागतात त्या स्क्रू टर्मिनलचा ग्राउंड कुठे जोडलाय?

सोल्डर_सांगली
डिजिटलला. टर्मिनल ईएसपीच्या बाजूला आलं म्हणून तोच जवळ पडला. तिथून जॅकपर्यंत रिलेच्या ट्रॅकमुळे ग्राउंडचा पोअर (तांब्याचा सलग थर) तुटलाय, ०.२५ मिलीमीटरची एकच पट्टी गेलीय, साधारण १० सेंटीमीटर.

तांब्याची_पट्टी
सापडलं मग. नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यात त्या पट्टीचा रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास येतो. ईएसपी३२ ट्रान्समिट करताना २४० मिलीअँपपर्यंत खेचतो आणि तो करंट परत त्याच पट्टीतून जॅककडे जातो, म्हणजे पट्टीवर ४८ मिलीव्होल्ट पडले. थर्मिस्टरचं खालचं टोक तेवढं वर उचललं जातं पण एडीसी मोजतोय ॲनालॉग ग्राउंडपासून, डिव्हायडरमुळे त्यातलं निम्मं म्हणजे २४ मिलीव्होल्ट इनपुटवर दिसतं, आणि तुमचा एक काउंट ०.८ मिलीव्होल्टचा. बघा, ३० काउंट आले. एलडीओ कितीही चांगला घाला, चूक त्याच्या खालच्या बाजूला आहे.
तात्पुरतं ब्लेडने टर्मिनलचा ग्राउंड ट्रॅक कापा आणि जाड वायरने थेट एडीसीच्या ग्राउंड पिनपाशी न्या.

मिलीव्होल्ट_पुणे
वरच्यांशी सहमत, पण मी तो बीडसुद्धा काढून टाकला असता. फेराइट सप्लायच्या लाइनमध्ये ठीक, ग्राउंडमध्ये नको, कारण एसपीआयचे सिग्नल त्या फटीवरून जातात आणि त्यांचा रिटर्न करंट बीडला वळसा घालून येतो, मोठा लूप होतो. शिवाय या चिपच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की दोन्ही ग्राउंड पिन ॲनालॉग प्लेनलाच जोडा, आत ते सबस्ट्रेटमधून ५ ते १० ओहमने जोडलेलेच असतात. नावात डिजिटल आहे म्हणून ती पिन डिजिटल ग्राउंडला नेतात लोक, तुम्ही कुठे नेलीय तेही बघा. व्हीडीडी पिनला अगदी चिकटून १ मायक्रोफॅरड आणि प्रत्येक इनपुटला १०० नॅनोफॅरड द्या.
थर्मिस्टर आणि व्हीरेफ एकाच ३.३ वर घेतलेत ते मात्र बरोबर केलंत, सप्लाय थोडा सरकला तरी गुणोत्तर तेच राहतं.

सोल्डर_सांगली
रात्री बसून केलं. ट्रॅक कापला, वायर टाकली, बीडच्या जागी झीरो ओहमचा रेझिस्टर (म्हणजे सरळ जोड) लावला. एडीसीची डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) पिन खरंच डिजिटलला होती, तीपण वळवली. वायफाय चालू ठेवून तासभर लॉग घेतला, आता चार काउंटच्या वर जात नाही! खूप खूप आभार दोघांचे, मी नवीन १६ बिटचा एडीसी मागवणार होतो. पुढच्या बोर्डला ग्राउंड कसा करू?

तांब्याची_पट्टी
खालचा अख्खा लेयर एकच ग्राउंड, मध्ये चिरा नाहीत, वेगळेपणा पार्ट ठेवण्यात आणा. जॅक, ईएसपी, रिले एका टोकाला, एडीसी आणि सगळी टर्मिनलं दुसऱ्या टोकाला, म्हणजे मोठा करंट एडीसीखालून जाणारच नाही. रिलेचे ट्रॅक वरच्याच लेयरवर ठेवा, त्यांनीच तुमचा पोअर तोडला होता. लेआउट झाला की ऑर्डर द्यायच्या आधी इथे टाका, बघतो.