मदत हवी आहे: दारूच्या नशेत धडक, मृत्यू, पोलिसांनी १०६ लावलं, १०५ लागेल का?

विचारणा (सायली_के): शेजारच्या कुटुंबासाठी विचारतेय. परवा रात्री त्यांच्या मुलाच्या दुचाकीला कारने मागून ठोकलं, तो जागीच गेला. चालकाच्या तोंडाला दारूचा वास होता असं सांगणारे दोन साक्षीदार आहेत. तरी एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची १०६(१) आणि २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) एवढीच कलमं आहेत. चालक त्याच दिवशी जामिनावर सुटला. १०५ लावून घेता येईल का? कुठून सुरुवात करायची?

फौजदारी_वकील: ताई, १०६(१) म्हणजे हयगयीने मृत्यू. कमाल शिक्षा ५ वर्षं आणि गुन्हा जामीनपात्र, म्हणून चालक लगेच सुटला. १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र आहे आणि सत्र न्यायालयात चालतो. आपल्या कृत्याने कुणाचा जीव जाऊ शकतो याची चालकाला जाणीव होती, हे सिद्ध झालं तर १० वर्षांपर्यंत कैद.

नुसती दारू प्यायला म्हणून १०५ आपोआप लागत नाही. वेग, उलट दिशा, तोडलेला सिग्नल, आधी कुणी गाडी चालवू नकोस म्हणून अडवलं होतं का, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये ७ जण गेले. त्या अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचा (जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०४, भाग २) दोष कायम ठेवला. शिक्षा मात्र ३ वर्षं.

पळून जाणाऱ्यासाठीचं १०६(२) लागू करणं सरकारने थांबवून ठेवलं आहे. त्याच्या मागे लागू नका.

न्यायवैद्यक_डेस्क: रक्त घेतलं का, किती वाजता, कुठल्या रुग्णालयात, हे आजच लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे. शरीरातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिग्रॅने उतरतं. म्हणजे अपघाताच्या वेळी ९० असलेला माणूस चार तासांनी मर्यादेच्या आत दिसू शकतो. उशिरा घेतलेल्या रक्ताचा अहवाल कोरा आला तरी धीर सोडू नका. वेळ नोंदलेली असेल तर तज्ज्ञ उलटा हिशेब मांडू शकतो.

नमुन्याच्या नळीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर रक्त आंबून आकडा बदलतो. सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर बचाव पक्ष तेवढंच धरून बसतो. सील, लेबल आणि नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद, तिन्ही बघा. पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात (मे २०२४) रक्त बदलल्याचं डीएनए तपासणीतून पुढे आलं. शंका असेल तर तशी तपासणी अर्जातच मागा.

फौजदारी_वकील: रक्त नसेल तर बारचं बिल, यूपीआयचा व्यवहार, बार आणि रस्त्यावरचं सीसीटीव्ही. डीव्हीआरवर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून हा अर्ज पहिला द्या: ठिकाण, तारीख, वेळ लिहून ‘चित्रण जप्त करावं’. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र घ्यायला तपास अधिकाऱ्याला सांगा, ते नसलं की खटल्यात चित्रण अडकतं. आरटीओच्या वाहन तपासणीत ब्रेक ठीक होते हे यायला हवं, म्हणजे ‘ब्रेक फेल झाले’ हा बचाव उरत नाही. आणि त्या दोन साक्षीदारांचे जबाब वास, बोलणं, तोल यांच्या तपशिलासह आत्ताच नोंदवून घ्या.

दुसरा अर्ज १८५ आणि १०५ वाढवण्यासाठी. पोलीस ठाण्याची पोच घ्या, प्रत अधीक्षकांना किंवा आयुक्तांना.

सायली_के: आणि दोषारोपपत्र १०६ वरच गेलं तर?

फौजदारी_वकील: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) १९३(९) खाली अधिक तपासाची मागणी करता येते. कागदपत्रांवरून १०५ दिसत असेल तर प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करा. मृताचे वारस कायद्याने ‘पीडित’ आहेत, सरकारी वकिलांच्या मदतीला ते स्वतःचा वकील देऊ शकतात. तपास कुठवर आला हे पोलिसांनी त्यांना ९० दिवसांत कळवलंच पाहिजे.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो. कायद्यात मुदत ६ महिने दिली आहे. फौजदारी निकालाची वाट बघत बसू नका.