छापलेली कादंबरी वाचकांच्या सांगण्यावरून बदलावी का? माझं मत: नाही

कपाशीवाला

पहिली कादंबरी स्वखर्चाने छापली आहे. अकोट तालुक्यातल्या एका जिनिंगवाल्या, म्हणजे कापसातून बी वेगळं काढायचा कारखाना असलेल्या, घराच्या तीन पिढ्या, एवढंच सांगतो. नाव देत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणाल. पाचशे प्रती ऑफसेटवर काढल्या, शिवाय किंडलवर ई-बुक. छापील प्रती संपत आल्यात, पुन्हा छापायचं घाटतंय आणि वादाला तिथूनच तोंड फुटलंय.

गेले काही महिने फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज काही ना काही येतं. शेवट गुंडाळलाय, धाकटा परत येतो की नाही ते स्पष्ट लिहा. वऱ्हाडी संवाद कळत नाहीत, प्रमाण भाषेत करा. वऱ्हाडी संवाद आमच्यासारखे नाहीत, नीट वऱ्हाडी करा. आत्याबाईचं पात्र आमच्या आजीवरून घेतलंय, ते काढा. एका गृहस्थांनी तर स्वतःच नवा शेवट लिहून पाठवला, लग्नासकट.

हे सगळं माझ्यापर्यंत इतकं थेट का येतं? कारण पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, जिथे प्रकाशकाचं नाव, पत्ता, मुद्रक वगैरे असतं, तिथे प्रकाशक म्हणून मीच आहे आणि फोन नंबर माझाच आहे. मोठ्या प्रकाशनाची कादंबरी वाचून कुणी छापखान्यात फोन करून शेवट बदला म्हणत नाही. स्वप्रकाशित पुस्तक मात्र लोकांना कच्चा खर्डा वाटतं. पैसे याचे, छपाई याची, मग बदलायला काय जातंय, असा हिशेब असतो.

वाचकाला पुस्तक न आवडण्याचा पूर्ण हक्क आहे. चारचौघांत नावं ठेवा, एक तारा द्या, रद्दीत घाला. पण मजकुरात भागीदारी मिळणार नाही. ऱ्हस्वदीर्घ आणि छपाईच्या चुका सोडल्या, तर छापून बाहेर गेलेल्या कादंबरीतली एक ओळही लेखकाने कुणाच्या सांगण्यावरून बदलू नये. आज शेवट बदलला तर उद्या मधलं प्रकरण कोण वाचवणार?

सदाशिवपेठी

असहमत. प्रकाशक टाळलात म्हणजे संपादकही टाळलात. चांगला संपादक जे बाड हातात असताना सांगतो, तेच वाचक आता छापील पुस्तक हातात धरून सांगताहेत, तेही स्वतःच्या पैशाने. त्यांचं फुकटचं काम घ्यायचं नाही आणि वर 'भागीदारी मिळणार नाही' म्हणून ऐकवायचं, हे जरा जास्त होतंय.

कपाशीवाला

संपादक टाळलेला नाही. दोन प्रकाशकांकडे बाड होतं. एकाकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने 'तीनशे प्रती तुम्ही स्वतः विकत घ्या, मग छापू' म्हटलं. पैसे माझेच जाणार असतील तर हक्क तरी माझ्याकडे राहू देत.

डेमी साइझ

मी अक्षरजुळणी आणि मांडणीची कामं करते, त्यामुळे आधी छपाईचं बोलते. 'छपाईच्या चुका सोडल्या तर' हे तुम्ही जाता जाता म्हणालात, पण नवख्या लेखकाच्या पुस्तकात वाचक तिथेच अडखळतो. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप होतो, छापखान्यात जुन्या फाँटमध्ये रूपांतरित होतो आणि त्यात 'वऱ्हाड'चं 'व-हाड' आणि 'दुसऱ्या'चं 'दुस-या' होऊन बसतं. लेखक प्रूफ वाचतो, पण त्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे डोळा पुढे सरकतो. मुद्रितशोधकाचे पैसे वाचवून मुखपृष्ठाला जाड लॅमिनेशन करणारे खूप पाहिलेत. उलट करा.

आता बदलांबद्दल. ऑफसेटला पान बदललं की त्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या, प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. डेमी आकारात फॉर्म सोळा पानांचा. तुमचं पुस्तक २४० पानांचं असेल तर पंधरा फॉर्म बरोबर बसले. शेवटात तीन पानं वाढवलीत तर नवा फॉर्म सुरू, आणि उरलेल्या पानांवर काय छापायचं ते शोधत बसा. म्हणून पुष्कळांची तत्त्वं अखेर छापखान्यातच ठरतात. थोड्याच प्रती हव्या असतील तर डिजिटलवर काढा. दर प्रतीमागे महाग पडतं, पण बदल करायला भीती वाटत नाही.

मीटरगेज

तुमची कादंबरी मी वाचली आहे बहुतेक. जिनिंग, अकोट, तीन पिढ्या म्हणजे तीच. दोन गोष्टी सांगतो, आणि या आवडीनिवडीच्या नाहीत.

थोरल्या सुनेला तुम्ही शकुंतला रेल्वेने अकोटला आणलंय. शकुंतला मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जायची. अकोट तिच्या वाटेवर कधीच नव्हतं. अकोटहून जायची ती अकोला-खंडवा मीटरगेज. गाडी वेगळी, रुळांची रुंदीही वेगळी. अचलपूरकडची मुलगी असेल तर ती अंजनगावावरून रस्त्याने येईल.

दुसरी जास्त गंभीर. १९६९ च्या हंगामात म्हातारा एकाधिकार खरेदीला शिव्या घालतो. कापसाची एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, सुरू झाली १९७२ ला. ही तारखेची किरकोळ गोष्ट नाही. योजना आली म्हणून खासगी व्यापाऱ्यांची खरेदी बंद झाली आणि जिनिंगवाल्यांना सरकारी कापसाची सरकी मजुरीवर काढून द्यायची पाळी आली. म्हणजे तुमच्या घराची पडझड सुरू होते ती नेमकी यामुळे. ती तीन वर्षं आधी सुरू केलीत तर त्या तीन वर्षांत म्हातारा कशाने खचतो?

कपाशीवाला

मीटरगेज, इतक्या बारकाईने वाचलंत याचं बरं वाटलं. पण ते प्रकरण म्हाताऱ्याच्या तोंडून आहे. तो १९९० नंतर आठवून सांगतोय. म्हाताऱ्या माणसांना सालं कुठे आठवतात? नातवाला सांगताना शकुंतला आणि मीटरगेज एक होणं, ६९ आणि ७२ एक होणं, हेच खरं आहे.

सदाशिवपेठी

वा! लेखकाला सापडलं नाही की म्हाताऱ्याला विस्मरण. उत्तम सोय आहे.

तळटीप

सदाशिवपेठींचा टोमणा बाजूला ठेवू, कारण कपाशीवाल्यांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. निवेदक चुकू शकतो. पण तो चुकतोय हे पुस्तकाला माहीत असावं लागतं. तुमच्या पुस्तकात तसा एकही इशारा नसेल तर वाचक चूक लेखकाच्याच खात्यावर मांडणार, आणि त्यात वाचकाचा दोष नाही. घरातलं कुणीतरी त्याला टोकू दे. सून म्हणू दे, 'मामंजी, तवा तर माझं लगन झालंच नव्हतं.' झालं. एका ओळीत तारखेची चूक पात्राची होते.

कपाशीवाला

ही ओळ मी चोरणार आहे. (सून असं 'तवा' म्हणणार नाही, पण ते मी बघतो.)

सदाशिवपेठी

एक ओळही बदलणार नव्हतात ना?

कपाशीवाला

बदलत नाहीये, वाढवतोय. आणि कुणी 'वाढवा' म्हटलं म्हणून नाही, ती ओळ त्या घरातली वाटली म्हणून.

मोर्णाकाठ

भाऊ, मी अकोल्याचा. भाषेबद्दल 'नीट वऱ्हाडी करा' म्हणणाऱ्यांत मीही एक होतो, मेसेज केला होता. तुमची पात्रं 'जाऊन राह्यलो', 'करून राह्यलो' म्हणतात. ते नागपूरकडचं. आमच्याकडे 'जाऊ रायलो', 'करू रायलो'. अकोटचा जिनिंगवाला नागपुरी बोलायला लागला की आमच्यासारख्याला तो सिनेमातला विदर्भ वाटतो. सगळ्या विदर्भाची एकच बोली असते असं बाकीच्या महाराष्ट्राला वाटतं, ते वाटू द्या. आपण तरी तसं लिहू नये.

पण सदाशिव पेठेसाठी प्रमाण भाषेत करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. 'मले', 'तुले', 'कायले' एवढं संदर्भाने कळतं. ज्याला कळत नाही त्याने दोन पानं जास्त वाचावीत, कान तयार होतो.

सदाशिवपेठी

माझी बोलीला हरकत नव्हतीच. मागे एक पान शब्दार्थ द्या एवढंच म्हणेन. सरकी आणि रुई यांतला फरक शहरात किती जणांना माहीत आहे?

मोर्णाकाठ

शब्दार्थ दिले की कादंबरी शाळेची वाटते. माझा विरोध.

वाचनालयवाली

एका तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात काम करते. इथे सगळे फोन आणि मेसेज करणाऱ्या वाचकांबद्दल बोलताय. मराठी कादंबरीचा मोठा वाचक तो नाही. तो आमच्याकडे येतो, पुस्तक नेतो, आठवड्याने परत आणतो आणि 'दुसरं द्या' म्हणतो. लेखकाला तो कधीच काही कळवत नाही. तुमचं पुस्तक माझ्याकडे नाही, पण अशा स्वप्रकाशित कादंबऱ्यांत पेन्सिलीने शुद्धलेखन दुरुस्त केलेलं असतं. काही जण पात्रांच्या नावांचा वंशवृक्ष काढून ठेवतात, म्हणजे नावांचा घोळ झालेला असतो. कुठल्या पानापर्यंत पानं मळलीत आणि कुठून पुढे कोरी आहेत हेही दिसतं. लेखकांनी फोनवरच्या दहा जणांपेक्षा ती पानं बघावीत.

आणि पुन्हा छापताय तर शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रती पाठवा. नवे लेखक हे विसरतात आणि मग वितरक चाळीस-पन्नास टक्के कमिशन मागतो म्हणून रडतात. कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला वगैरे प्रत पाठवणं तर १९५४ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. प्रकाशक तुम्ही, तेव्हा ते कामही तुमचंच.

क्रमशः

मला हा सगळा वादच गमतीचा वाटतो, कारण मी प्रतिलिपी अ‍ॅपवर लिहिते आणि प्रत्येक भागाखाली लोक मला पुढे काय व्हावं ते सांगतात. मी ऐकतेही. एका पात्राला मारणार होते, ते वाचकांमुळे जगलं आणि पुढचे भाग त्याच्यावरच चालले. हरिभाऊ आपटे १८९० पासून 'करमणूक'मध्ये कादंबऱ्या क्रमशःच छापत होते. वाचक वाट बघतोय हे माहीत असताना लिहिणं मराठी कादंबरीला नवं नाही. पुस्तक एकदा बंद झालं की पवित्र, हे मला मान्य नाही.

तळटीप

क्रमशः लिहिताना पुढचं बदलतं, छापून झालेलं मागचं नाही. हरिभाऊंना गेल्या आठवड्याचा अंक परत मागवता येत नव्हता. ई-बुकवाल्याला मागचंही बदलता येतं, नवी अडचण ती आहे. शिवाय किंडलवर फाइल बदलली तरी आधी विकत घेतलेल्याच्या यंत्रात नवी प्रत आपोआप जाईलच असं नाही. एकाच कादंबरीचे दोन शेवट दोन वाचकांकडे, आणि दोघांनाही ते माहीत नाही. मग दोघं पुस्तकावर भांडणार कसे?

क्रमशः

भांडतील की, जास्तच भांडतील.

शेजारचा वाडा

सगळे भाषा आणि तारखांवर बोलताय. आत्याबाईचं काय? मी त्या कुटुंबातला नाही, पण माझ्याच नात्यात असं झालंय. पुस्तक निघालं, 'सर्व पात्रे काल्पनिक' छापलं होतं आणि गावात सगळ्यांना कळलं कोण कोण आहे. मोठा प्रकाशक असता तर त्याच्या वकिलाने आधीच दोन गोष्टी विचारल्या असत्या. तुम्ही गावातच राहता. त्या आजी जिवंत आहेत का? असतील तर कला वगैरे बाजूला ठेवा आणि ते पात्र बदला.

कपाशीवाला

आजी जिवंत नाहीत. पात्र त्यांच्यावरून घेतलेलंही नाही. तीन वेगवेगळ्या घरांतल्या लोकांनी ती आपलीच आत्या म्हणून सांगितलंय, आणि तिघांनाही मी भेटून आलो. एकांकडे चहा झाला, एकांकडे नाही. पात्र राहील. तालुक्यातलं तीन घरांना ओळखीचं वाटणारं माणूस वाचकांनी आक्षेप घेतला म्हणून काढलं तर उरेल काय?

शेजारचा वाडा

तिसऱ्या घरचं सांगितलं नाहीत.

कपाशीवाला

तिसऱ्यांनी पाच प्रती घेतल्या.

डेमी साइझ

हसले. पण कामाचं सांगा. मजकूर होता तसाच छापणार असाल तर ते पुनर्मुद्रण, जुना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) चालतो. मजकुरात मोठे बदल केलेत तर ती दुसरी आवृत्ती, आयएसबीएन नवा घ्यायला हवा. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, त्यामुळे दोनशे-पाचशे रुपये मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका. तर काय करताय, पुनर्मुद्रण की आवृत्ती?

कपाशीवाला

'व-हाड' दुरुस्त होईल. बोलीवर अकोटच्याच एका माणसाला बसवून पुन्हा हात फिरवणार, मोर्णाकाठ यांचं ऐकून नाही तर मीही आता तीच पात्रं मोठ्याने वाचतोय म्हणून. सुनेची ओळ येईल, शकुंतला म्हाताऱ्याच्या डोक्यात राहील. शेवटाला हात लावणार नाही आणि शब्दार्थ देणार नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

सदाशिवपेठी

याला वाचकांच्या सांगण्यावरून केलेली दुसरी आवृत्ती म्हणतात.

मीटरगेज

ते असू दे. मी २८० रुपये देऊन पहिली घेतली आहे. माझ्या प्रतीत म्हातारा अजून कुणी न टोकता १९६९ म्हणतोय. जुन्या पुस्तकांत शुद्धिपत्र चिकटवायचे, तसं पाठवणार का?

कपाशीवाला

पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. फक्त त्यात शकुंतला नसेल.

मीटरगेज

मग नको.